मुक्काम टेंभुर्णी

टेंभुर्णी, चैत्र वद्य ४, शके १८६०

अक्का, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

धर्मराजच्या अक्षरातलं तुझं पत्र काल पोचलं. तुझा मुलगा चांगलं लिहितो, ओळ सरळ ठेवतो. आठ वर्षांनी धावड्याहून पत्र आलं म्हणून द्वारकानं ते आधी देवापुढं ठेवलं आणि मग माझ्या हातात दिलं. मी परसात जाऊन वाचलं.

तुझ्या डोळ्यांचं वाचून बराच वेळ तिथंच बसलो. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं की नजर कडेकडेनं मिटत जाईल, दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. तू लिहितेस, आहे तोवर तुला एकदा बघायचं हाय. आणि खाली लगेच लिहितेस, येशील तर चार दिवस राह्यला ये, आईच्या वेळेसारखा उभ्या उभ्या येणार असलास तर येऊ नको.

मी येईन, अक्का. चार दिवसांचं मात्र आज लिहवत नाही. नांगरट चालू आहे, एक बैल पाय धरून चालतो. काकासाहेबांचं वय झालं. मी त्यांचा घरजावई, घरात दुसरा पुरुषमाणूस नाही. अशी कारणं आहेत. वाचून तुला पटणार नाहीत हे लिहिताना कळतंय.

आई गेली त्या दिवशी तू म्हणालीस की काकासाहेबांच्या उंबऱ्याला तुझा पाय लागणार नाही, त्यांच्या गावचं पाणी तू पिणार नाहीस. ते मोडून तू इकडं ये असं मी म्हणणार नाही. शपथेचं मला समजतं.

इथली खबर थोडीच. परसाच्या कुंपणात, शेवरीच्या दाटीत, भारद्वाज राहायला आला आहे. आई त्याला सोनकावळा म्हणायची आणि तो दिसला की त्या दिवशी कुणावर ओरडायची नाही. हा उडायचा कंटाळा करतो. तलाठ्यासारखा मागं हात बांधल्यागत चालतो, एखाद्या ढेकळापुढं उभा राहतो, मान वाकडी करून बघतो आणि पुढं जातो. डोळा लाल, गुंजेसारखा. पंख विटकरी. सकाळी उन्हात ते दोन्ही पसरून कुंपणावर बसतो तेव्हा कुणी धोतर वाळत घातलंय असं वाटतं.

तुझी नजर आहे तोवर आणि नसेल तेव्हाही, इथं दिसेल ते लिहीत जाईन. धर्मराजला म्हणावं, सावकाश वाच.

तुझा
भुजंग


टेंभुर्णी, ज्येष्ठ शुद्ध ११

अक्का,

तुझं उत्तर दोनच ओळींचं आलं. "कारणं वाचली. बैलाचा पाय बरा झाला का ते कळव." बैलाचा पाय बरा आहे.

आज एकादशी, म्हणून हात मोकळा आहे. एक गंमत सांगतो. बदरोद्दीन पिंजारी तुला आठवत असेल, माझ्या लग्नातल्या गाद्या त्यानंच भरल्या होत्या. कापूस पिंजता पिंजता त्याची भुवईसुद्धा पांढरी झाली आहे. त्याचा मुलगा महेबूब जालन्याला जिनिंगमध्ये लागला आणि त्यानं बापाला एक जुनी सायकल आणून दिली. बदरोद्दीन तिच्यावर गाद्या बांधून गावोगाव जातो. मी त्याला म्हणालो, मला शिकव.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. गावानं मात्र कसर ठेवली नाही. सात दिवस मी सकाळी मारुतीच्या पारापासून ओढ्यापर्यंत पडत गेलो. बदरोद्दीन मागून धरून पळायचा आणि सांगायचा, "भुजंगराव, खाली चाकाकडं काय बघून राह्यले? चाक कुठं न्हाई जात. म्होरं बघा." आठव्या दिवशी मला वाटलं त्यानं धरलंय, आणि तो पारावर बसून विडी ओढत होता. मागं वळून पाहिलं आणि सरळ साळूबाईच्या शेणाच्या ढिगात गेलो. ती बाहेर येऊन म्हणाली, "जावईबापू, गौऱ्या थापायच्या व्हत्या तर हातानं थापायच्या." आता गावात जो तो मला तेच ऐकवतो.

कशाला शिकतोस असं द्वारकानंही विचारलं. हौस म्हणून सांगितलं. अक्का, तुला खरं सांगतो, मी हिशेब करून पाहिला. धावडा इथून बारा कोस. पहाटे निघालं तर सायकलनं दुपारच्या आत पोचता येईल, आणि दोन घटका बसून दिवेलागणीला परत घरी येता येईल. तुझी अट माहीत असूनही लिहितो. उभ्या उभ्या आलेला भाऊ तू आत घेशील का?

मुंगसांची एक जोडी कडब्याच्या गंजीखाली आहे. आई पुढं, तिच्या शेपटीला नाक लावून तीन पिल्लं मागं, अशी दोरीसारखी ओळ परसातून जाते. धाकटं मागं राहतं. मग सगळी ओळ थांबते, ते येऊन चिकटतं आणि ओळ पुन्हा चालू लागते.

काकासाहेबांनी काल द्वारकाला तिच्या मोठ्या बहिणीच्या नावानं हाक मारली. झुंबर म्हणाले. झुंबरबाई जाऊन तीस वर्षं झाली. द्वारकानं "ओ" दिली.

भुजंग


टेंभुर्णी, श्रावण शुद्ध ९

अक्का,

"दोन घटकांसाठी येणारा भाऊ न्हाई, टपालवाला असतो." हे तू सांगितलंस आणि धर्मराजनं जसंच्या तसं लिहिलं. ठीक आहे.

आता तसंही निघता येत नाही. पाऊस लागला आणि आमची काळी माती चाकाला धरून बसली. बदरोद्दीननं सायकल पुसून, तेल देऊन, पिंजायच्या कमानीशेजारी टांगून ठेवली आहे. जाऊन तिच्याकडं बघून येतो. तो म्हणतो, "घोडं असतं तर चारा तरी मागितला असता."

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबू लागले आहेत. नर विणतो. अर्धा खोपा झाला की मादी येते, आत डोकं घालते, लोंबकळून बघते, आणि पसंत नसला तर निघून जाते. मग तो बिचारा त्याच फांदीवर दुसरा सुरू करतो. एका नराचे तीन अर्धे खोपे मोजले. त्याच्या पिवळ्या डोक्यावर पाऊस पडत असतो आणि तो पातं चोचीत धरून बसलेला असतो.

काकासाहेबांचं फार झपाट्यानं चाललं आहे. अंगानं चांगले आहेत, दोन भाकरी खातात. पण मन गेलं. नागपंचमीला माझ्याजवळ ओसरीवर बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "तुम्ही कोण गावचे?"

"इथलाच, मामा," मी म्हणालो.

"इथला? कधी दिसला न्हाईत."

अठ्ठावीस वर्षं त्यांच्या ताटाशेजारी माझं ताट आहे. राग आला नाही. पण मी तिथून उठलो, त्याला दुसरं कारण आहे. मला त्यांच्याकडून एक गोष्ट हवी होती. ती फक्त त्यांनाच देता येते. मागेन मागेन म्हणत राहिलो. आता मागायला समोर कुणी नाही.

काय ते पुन्हा कधी लिहीन. तुझ्या डोळ्यांचं कसं आहे ते खरं कळव. तू लिहिलंस त्या पुतणीच्या लग्नातले रंग तुला दिसले का?

भुजंग


टेंभुर्णी, आश्विन वद्य ३

अक्का,

तुझं पत्र आलं. दिवस आणि रात्र तेवढी कळते, माणूस दारात उभा राहिला तर अंधारतं, पण कोण ते आवाजावरून. म्हणजे आता मी आलो तरी तुला दिसणार नाही. तू लिहितेस, "आता येऊ नको म्हणून सांगायचं व्हतं. बघायचं राह्यलं ते राह्यलं. मनात काही धरू नको."

हे वाचल्यावर लपवण्यात काही उरलं नाही. धर्मराज, पुढचं वाचण्याआधी दार लोटून घे.

काकासाहेबांना दोनच मुली. झुंबरबाईसाठी त्यांनी आधी एक घरजावई आणला होता. तो वर्षभर राहिला, आणि एकदा जत्रेला जातो म्हणून बायकोला घेऊन गेला तो त्याच्या गावीच राहिला. झुंबरबाई तिथं बाळंतपणात गेली. काकासाहेबांना कळलं ते तेराव्याच्या नंतर. त्यानंतर द्वारकासाठी मला विचारलं.

हळद लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला देवघरात नेलं. खंडोबाच्या टाकासमोर माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर भंडारा टाकला. म्हणाले, "मी जित्ता हाय तवर तुझी एक बी रात्र ह्या गावाभाईर जाणार न्हाई, असं म्हण." मी वीस वर्षांचा. मला वाटलं, रात्रीचं काय एवढं. म्हणालो.

तेव्हापासून मी टेंभुर्णीच्या वेशीबाहेर झोपलेलो नाही. जाफ्राबादला गेलो तर सांजेला परत. जालन्याला कधी गेलोच नाही. कुणी बोलावलं की कारण सांगायचं. कारणं सांगून सांगून माझी जीभ त्यातच तयार झाली.

आई गेल्याचा निरोप मला दिवेलागणीला मिळाला. तुम्हाला वाटलं सकाळी मिळाला. मी वेशीपर्यंत गेलो आणि परत आलो. पागोटं बांधून, काठी हातात घेऊन ओसरीवर बसून राहिलो. पहिल्या कोंबड्याला पाटलाचं घोडं घेतलं. तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात. अग्नी दिला, आणि ऊन कलायच्या आत घोड्यावर बसलो. तू दारात लिंबाचा पाला घेऊन उभी होतीस. मसणातून आल्यावर पान चावल्याशिवाय घरात शिरत नाहीत, मी तर घरातच शिरलो नाही. तू म्हणालीस, "राख तरी निवू द्यायची." मी ऐकलं. अक्का, मी घोडं मारत आलो आणि वेशीत शिरलो तेव्हा मारुतीपुढं दिवा लागत होता. ते घोडं पुढं कायमचं लंगडलं आणि पाटलानं मला पुन्हा घोडं दिलं नाही.

बेलभंडारा ज्यानं हातावर ठेवला त्यानंच तो त्याच देवासमोर उचलून घेतला तर माणूस मोकळा. काकासाहेब चांगले होते तेव्हा मी एकदा तोंड उघडलं असतं तर त्यांनी उचललाही असता. इतक्या वर्षांत मी कुठं पळालो नाही हे त्यांना दिसत होतं. पण मला वाटायचं, त्यांनी आपणहून म्हणावं. मागून घेतलेली मोकळीक मला नको होती. हा माझा ताठा. आता त्यांना देव आठवतो, मी आठवत नाही.

आणि हे कुणाला सांगू नको असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. तेही माझं मीच. दाव्याला बांधलेला म्हणून लोकांनी बघू नये एवढ्यासाठी. द्वारकाला परवा सांगितलं. ती चुलीपाशी होती. तवा उतरवून खाली ठेवला आणि म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला तुमची माणसं नको झाली. अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या बहिणीपुढं कोणत्या तोंडानं जायचं म्हणून गेले न्हाई." आणि उठून परसात गेली.

सुगरणीचे खोपे आता रिकामे आहेत. वारा आला की एकमेकांवर आपटतात.

राग आला तर येऊ दे. पण खरं आहे ते असं आहे.

भुजंग


टेंभुर्णी, कार्तिक शुद्ध ९

अक्का,

तुझं पत्र बदरोद्दीनच्या दुकानात बसून वाचलं. त्याला ऐकवलंसुद्धा. तू लिहिलंस ते त्यानं दोनदा वाचायला लावलं.

"तुझी शपथ तुझ्यापाशी, माझी माझ्यापाशी. तू गाव सोडून राह्यचा न्हाईस, मी तुझ्या गावात यायची न्हाई. मंग अर्ध्या वाटेवर यायला कुणी धरलंय? सहा कोस तू, सहा कोस मी. दिसाउजेडी भेटू आणि आपापल्या घरी जाऊ. एवढं सांगायला तुला आठ वर्षं लागली, येड्या."

बदरोद्दीन पिंजणं थांबवून म्हणाला, "बिलकुल बराबर. हे डोकं तुमच्या दोघांत एकीकडंच गेलं." मग त्यानं कमान बाजूला ठेवली आणि सायकल खाली उतरवून चाकांत हवा भरायला बसला.

मला हसू आलं नाही. सहा कोस म्हणजे भोकरदनच्या अलीकडं, केळणेच्या काठी. तिथवर मी बैल घेऊन बाजाराला कितीदा गेलो. पलीकडं धावड्याची वाट दिसायची. तिकडं बघायचं नाही म्हणून बैलांच्या शिंगांकडं बघत परत यायचो.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. नदीकाठची मोठी चिंच. धर्मराजनं गाडी सावकाश आणावी, उताराला दगड आहेत. गाडीत कडबा जास्त घाल, तुझी कंबर दुखेल.

मी येतो.

भुजंग


टेंभुर्णी, मार्गशीर्ष शुद्ध ६

अक्का,

सुखरूप पोचलो. वाटेत एकदाच पडलो. गुडघ्याला द्वारकानं हळद लावली.

तुला दिसलं नाही ते सांगायला बसलो आहे. मी तुमच्या आधी पोचलो होतो. तुमची गाडी पलीकडच्या उतारावर दिसली तेव्हा तू दांडीला धरून ताठ बसली होतीस, हिरवं लुगडं, आणि तोंड बरोबर चिंचेकडं. मला वाटलं तुला दिसतंय. मी हात वर केला. मग आठवलं आणि हात खाली घेतला. हे धर्मराजनं पाहिलं.

तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "केस कुठं ठिवलेस रे?" मी हसलो ते तुला ऐकू आलं. रडलो ते आवाज न करता, पण तुझा हात तेव्हा माझ्या गालावरच होता.

मग तू ओच्यातून लिंबाचा पाला काढलास. आठ वर्षांनी. तू म्हणालीस, "त्या दिशी हातात तसाच राह्यला व्हता. चाव." मी चावला. इतका कडू लिंब मी खाल्लेला नाही, आणि थुंकायचं नाही म्हणून गिळला. मग तू म्हणालीस, "आता आईचं झालं." आणि भाकरीचं गाठोडं सोडलंस.

दोन घटका कशा गेल्या कळलं नाही. तू मुंगसाच्या धाकट्या पिल्लाचं विचारलंस, ते तुझ्या ध्यानात राहिलं होतं. ते आता मागं राहत नाही, आईइतकं झालं आहे, हे तिथं सांगायचं विसरलो. घड्याळ आपल्यापैकी कुणाकडंच नव्हतं. मला निघायची आठवण करायचा धीर नव्हता आणि धर्मराज नदीकडं बघत बसला होता. तेव्हा तूच मान वर करून म्हणालीस, "ऊन डाव्या गालावर आलं. ऊठ. तुझी वेळ झाली."

मी निघालो असं तुला वाटलं. निघालो नव्हतो. सायकल धरून चिंचेमागं उभा होतो. तुमची गाडी नदी उतरली, पलीकडं चढली, वळणावरच्या बाभळींत शिरली, धूळ खाली बसली, तोवर उभा होतो. त्यामुळं उशीर झाला आणि पडलो तो त्या घाईत. वेशीत शिरलो तेव्हा मारुतीपुढं दिवा लागायचा होता.

घरी आलो. काकासाहेब पायरीवर बसले होते, घोंगडं पांघरून. माझी धूळ, फाटलेलं धोतर, गुडघ्याचं रक्त बघून ते सरकले आणि मला बसायला जागा केली.

"कोण गावचे, पाव्हणे?"

रोज विचारतात. रोज मी इथलाच म्हणतो. काल माझ्या तोंडात अजून लिंब होता.

"धावड्याचा," मी म्हणालो.

"लांबून आलात."

तू बांधून दिलेली भाकर मी सोडली. अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. वर तुझी जवसाची चटणी. त्यांनी खाल्ली, बोटं चाटली.

"कुणी बांधून दिली?"

"बहिणीनं."

"गावी बहीण हाय?" ते माझ्याकडं वळले. "मंग आले कशाला तिला सोडून? ऱ्हायचं न्हाई का चार रोज?"

अक्का, द्वारका दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्यांनी ते कुणाला म्हटलं, देवानं ते धरलं की नाही, हे ठरवायचं माझं काम नाही. देवघरातला टाक जागेवर होता. माझ्या हातावर काही नव्हतं, आणि त्यांच्याही हातावर भाकरीखेरीज काही नव्हतं.

अंधार पडत आला होता. कुंपणातून भारद्वाजाचं खोल घुमणं एकदा ऐकू आलं आणि थांबलं. काकासाहेबांनी घोंगड्याचं एक टोक माझ्या गुडघ्यावर टाकलं.

"बरं, आता सांज झाली," ते म्हणाले. "रातचं कुठं जाता. आज हितंच मुक्काम करा."

"करतो, मामा," मी म्हणालो.

भुजंग